तगादा

कांहीं शब्द असे असतात कीं ते उच्चारतांच आपला आवाज आपोआप खालीं येतो. 'कर्ज' हा त्यांपैकींच एक. आजारपणाविषयीं, मुलाच्या नापास होण्याविषयीं, फार काय, भाऊबंदकीच्या खटल्याविषयींहि आपण पांढरपेशीं माणसें बैठकींत बसून मोकळेपणानें बोलतों. परंतु कर्जाची गोष्ट निघाली कीं ती उठून माजघरांत जाते, आणि मुलें झोपल्यावर हलक्या आवाजांत पुरी होते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें घेऊनच माणूस जन्माला येतो असें ज्या समाजानें मानलें, त्या समाजाला या चवथ्या ऋणाची एवढी लाज कां वाटावी हें एक कोडेंच आहे. पण ती वाटते खरी. आणि जगांत एक धंदा असा आहे कीं ज्याचें सारें भांडवल ही लाजच आहे. आपल्या पूर्वजांनीं त्याला तगादा म्हटलें. आजच्या कंपन्या त्याला वसुली-सेवा असें सोज्वळ नांव देतात.

'तगादा' हा शब्द अरबी 'तकाजा'पासून फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ मागणी एवढाच आहे. परंतु मराठींत तो रुळला तो साध्या मागणीसाठीं नव्हे, तर न थकतां, न लाजतां आणि चारचौघांना ऐकूं जाईल अशा बेतानें केलेल्या मागणीसाठीं. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत या तगाद्याचें वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालच्या पायरीचा असला तर धनको त्याला घरांत अडकवून ठेवी, जेवूं देत नसे, उन्हांत बसवी. पण ऋणको वरच्या पायरीचा असला म्हणजे धनको स्वतःच त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, त्याच्या दारांत आक्रोश करी, आणि शेवटीं तेथेंच उपाशी बसे. मग आंतल्या माणसालाहि घांस घेतां येत नसे. यालाच धरणें म्हणत. पुढें १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत दैवी कोपाची भीति घालून एखाद्याकडून कांहीं करवून घेण्याचा जो गुन्हा सांगितला होता, त्याच्या उदाहरणांतहि दुसऱ्याच्या दारीं धरणें धरून बसणारा माणूस होता. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली.

हीं वर्णनें वाचतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत येई. उपाशी बसलेला धनको आणि दाराआड बसलेला ऋणको या दोघांपुरताच तो व्यवहार असता, तर आंतल्या माणसानें गुपचूप जेवून घेतलें असतें. परंतु दारासमोरचा रस्ता वाहता होता. शेजारी येऊन पाहत, पाणक्या पाहून जाई, देवळाकडे निघालेल्या बायका क्षणभर थांबत. धरणें धरणाऱ्याचें खरें शस्त्र त्याचें उपोषण नव्हतें. या पाहणाऱ्यांचे डोळे हेंच त्याचें शस्त्र होतें. निर्जन अरण्यांत कोणी धरणें धरून बसल्याचें ऐकिवांत नाहीं.

विसाव्या शतकांत घराच्या दाराची जागा गिरणीच्या फाटकानें घेतली. पगाराच्या दिवशीं हातांत काठी घेऊन फाटकाशीं उभा राहणारा पठाण सावकार मुंबईच्या गिरणगांवाच्या आठवणींत हटकून भेटतो. त्याला कोर्टाची फारशी गरज नव्हती. बरोबरच्या कामगारांनीं पाहिलें कीं त्याचें निम्में काम होई. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशननें १९३१ सालीं, कर्जवसुलीसाठीं कारखान्याला असा वेढा घालून उभें राहणें हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस केली. आणि मुंबई प्रांताच्या १९४६ च्या सावकारी कायद्यानें ऋणकोच्या पाठोपाठ फिरणें, त्याच्या घरापाशीं किंवा कामाच्या जागेपाशीं घोटाळत राहणें, हें शिक्षेस पात्र ठरविलें. पैसे मागणें वेगळें आणि माणसाला चारचौघांत उभें करणें वेगळें, हा भेद कायद्याला तेव्हांच उमगला होता.

हें सारें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. तगाद्याचा आवाज प्रत्यक्ष कानांवर पडला तो गेल्या पावसाळ्यांत, आणि तोहि दुसऱ्याच्या कर्जाच्या निमित्तानें. रात्रीं साडेआठाच्या सुमारास आम्ही जेवावयास बसत असतां माझा फोन वाजला. आवाज तरुण होता आणि बोलणें अदबीचें. "सर, आपण प्रोफेसर ना? आपण अमुक यांना ओळखतां ना?" त्यानें घेतलेलें नांव माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें होतें. मला वाटलें, एखाद्या नोकरीसाठीं चौकशी असावी. अशा चौकश्या शिक्षकाला अधूनमधून येतात, आणि त्यांचा त्याला आनंदहि होतो. मीं उत्साहानें म्हटलें, "ओळखतों तर! फार गुणी मुलगा आहे."

"मग सर, तुमच्या या गुणी मुलानं आमचे पैसे बुडवले आहेत."

पुढचीं पांच मिनिटें तो बोलत होता आणि मी ऐकत होतों. मोबाईलवरील एका ॲपमधून घेतलेलें ४०,००० रुपयांचें कर्ज. थकलेले ३ हप्ते. आणि अर्जांत 'संदर्भ' म्हणून दिलेलें माझें नांव. सारें सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही त्याचे गुरु आहांत, सर. तुमचा शब्द तो मोडणार नाहीं. जरा समजावा त्याला. आणि त्याच्या वडिलांचा नंबर तुमच्याजवळ असेल, तेवढा द्या."

या बोलण्यांतील कौशल्याचें मला आजहि नवल वाटतें. प्रथम त्यानें मला गुरुपदावर बसविलें आणि लगोलग त्या पदाचें भाडें मागितलें. मुलाचे वडील मला परिचित होते. तालुक्याच्या गांवीं प्राथमिक शाळेंत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले ते गृहस्थ मुलगा पदवीधर झाला त्या वर्षीं घरच्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन मला मुद्दाम भेटावयास आले होते. दर दिवाळीला आमचें एकमेकांना अभीष्टचिंतन होत असे. नंबर माझ्याजवळ होता.

मीं त्याला त्याचें नांव विचारलें, कंपनीचें नांव विचारलें, आणि ज्या संस्थेच्या वतीनें तो बोलत होता तिचें अधिकारपत्र मला लेखी पाठविण्यास सांगितलें. नांवें त्यानें सांगितलीं. पत्राविषयीं "तें ऑफिसमधून येईल" असें म्हणाला, आणि तेथून त्याचा सूर बदलला. "सर, तुम्ही सहकार्य केलं नाहीं तर आम्हांला तुमच्या कॉलेजांत फोन करावा लागेल." मीं म्हटलें, "अवश्य करा. कॉलेजचा नंबर कॉलेजच्या पाटीवरच लिहिलेला आहे." फोन बंद झाला. आमटी निवली होती.

त्या रात्रीं माझ्या पत्नीनें जो प्रश्न विचारला तो त्या तरुणाच्या धमकीपेक्षां पुष्कळच अवघड होता. ती म्हणाली, "अहो, त्याला नंबर दिला नाहींत हें ठीक. पण त्याच्या वडिलांना कळायला नको का? आपल्या मुलाचं असं कांहीं असतं, तर आपल्याला कोणी सांगावंसं वाटलं नसतं?" या प्रश्नाला मला चटकन उत्तर देतां आलें नाहीं. आईबापांना कळलें पाहिजे हें खरेंच. पण कोणाच्या तोंडून कळावें? मुलानें समोर बसून, मान खालीं घालून सांगितलेली गोष्ट आणि वसुलीच्या माणसानें रात्रीं साडेआठाला सांगितलेली गोष्ट, या दोहोंतील आंकडा एकच असला तरी गोष्टी दोन आहेत. पहिलींत मुलगा बापाजवळ येतो; दुसरींत तो त्याच्यापासून पळतो. आणि मीं परस्पर कळविलें असतें, तर माझ्या सर्व सदिच्छेसह मी त्या कंपनीचें काम फुकटांत करून दिलें असतें.

अशा वेळीं आपली जबाबदारी काय आणि किती, हें सुशिक्षित माणसांनाहि ठाऊक नसतें, आणि तगाद्याला या अज्ञानाचा मोठा आधार असतो. जामीन राहिलेल्या माणसाची गोष्ट निराळी. करारांत वेगळें ठरलेलें नसेल, तर त्याची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, असें १८७२ चा करार कायदा सांगतो. परंतु कोणी आपलें नांव केवळ संदर्भ म्हणून लिहून दिल्यानें आपण एका दमडीलाहि बांधले जात नाहीं. बापाचें ऋण मुलानें फेडावें हा जुन्या धर्मशास्त्राचा दंडक होता. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु वारसा कायद्यांत त्यानंतरच्या कर्जांपुरता तो दंडकहि संपविला. उलट मुलानें काढलेलें कर्ज कुटुंबासाठीं नसेल तर तें बापाच्या माथीं येत नाहीं, हें याज्ञवल्क्य स्मृतींतच सांगितलें आहे. म्हणजे तो तरुण त्या वृद्ध शिक्षकाकडून जें वसूल करूं पाहत होता, त्याला नव्याचा आधार नव्हता कीं जुन्याचा.

रिझर्व्ह बँकेनें १२ ऑगस्ट २०२२ रोजीं काढलेल्या परिपत्रकांत थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठीं सकाळीं ८ च्या आधीं व संध्याकाळीं ७ नंतर फोन करूं नये, धाकदपटशा करूं नये, चारचौघांत पाणउतारा करूं नये, आणि ऋणकोचे कुटुंबीय, संदर्भ म्हणून दिलेलीं माणसें व मित्र यांच्या खासगी जीवनांत शिरूं नये, असें बजाविलें होतें. पुढच्याच महिन्यांत डिजिटल कर्जांविषयीं जे नियम निघाले, त्यांत कर्ज देणाऱ्या ॲपनीं फोनमधील ओळखीच्यांची यादी उघडूं नये असेंहि होतें. एल्फिन्स्टनचा अहवाल आणि हें परिपत्रक यांत दोनशेंहून अधिक वर्षें गेलीं. पण दोहोंत वर्णिलेला माणूस एकच आहे. पूर्वी त्याला पाहणारे रस्त्यावरून गोळा करावे लागत. आतां ऋणको स्वतःच ते आपल्या खिशांत, नांवनिशीवार, घेऊन फिरतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं त्या मुलाला फोन केला. बराच वेळ घंटी वाजल्यावर त्यानें तो घेतला आणि कांहीं न बोलतां थांबला. मग म्हणाला, "सर, तुम्हांलाहि आला का?" हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. शहरांत खोली घेण्यासाठीं लागलेल्या अनामतीकरितां त्यानें तें कर्ज काढलें होतें. पहिले हप्ते नियमानें दिले होते. मग नोकरी सुटली. आतां दिवसाकांठीं तीस-तीस फोन येत. चार मित्रांना फोन गेले होते, आणि त्यांपैकीं दोघांनीं त्याच्याशीं बोलणें टाळण्यास आरंभ केला होता. "फोनचं आतां कांहीं वाटत नाहीं, सर," तो म्हणाला. "पण रस्त्यांत कुणी ओळखीचं दिसलं कीं पोटांत गोळा येतो. वाटतं, यालाहि आला असेल." वर, पोलिसांचें वॉरंट निघालें आहे, असें त्याला सांगण्यांत आलें होतें, आणि त्या भीतीनें तो आठ दिवस खोलीबाहेर पडला नव्हता.

मीं त्याला प्रथम हेंच सांगितलें कीं कर्ज खरें आहे आणि तें फेडलें पाहिजे. त्याविषयीं आपल्या दोघांत वाद नाहीं. ज्यानें पैसे दिले त्याला ते परत मिळाले नाहींत तर उद्यां गरजवंताला कोणी दारांत उभें करणार नाहीं. आणि बँकेंतला पैसाहि शेवटीं कोणा निवृत्त माणसाची ठेवच असतो. पण फेडणें हें हिशेबाचें काम आहे, भीतीचें नव्हे. केवळ हप्ता थकला म्हणून पोलिसांचें वॉरंट निघत नाहीं. चेक न वटण्याचा प्रकार निराळा. परंतु साध्या कर्जाची वसुली ही दिवाणी बाब आहे. ऐपत असून बुद्ध्या टाळणाऱ्याखेरीज केवळ नादार म्हणून कोणाला तुरुंगांत टाकूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालींच सांगून ठेवलें आहे. तेव्हां मूळ संस्थेकडे मुद्दल, व्याज आणि दंड यांचा वेगवेगळा हिशेब लेखी मागावा. पैसे द्यावयाचे ते संस्थेच्याच खात्यांत, वसुली करणाऱ्याच्या हातांत किंवा खात्यांत नव्हे. आलेल्या फोनांची वेळ व मजकूर टिपून ठेवावा, आणि त्याविषयीं संस्थेच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याला लिहावें. तीस दिवसांत दाद लागली नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावें. हिशेब मागण्याची ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें शेतकरी उठले तेव्हां त्यांचा रोख सावकाराच्या खतांवर होता; तीं त्यांनीं जाळलीं. त्या उठावामुळें जो १८७९ चा कायदा आला, त्यानें कोर्टाला खताच्या मागें जाऊन मूळ देण्याघेण्याचा शोध घेण्याचा अधिकार दिला. कागद जाळण्यापेक्षां कागद मागणें केव्हांहि बरें.

शेवटीं मीं म्हटलें, "आणि वडिलांना तूं स्वतः सांग. मी सांगणार नाहीं. पण तूं सांगितलंस कीं नाहीं हें मात्र विचारत राहीन."

त्या वसुलीच्या तरुणाचा फोन नंतरहि दोनदां आला. तिसऱ्या खेपेस, बोलणें संपत आलें असतां, त्यानें मध्येंच विचारलें, "सर, तुम्ही शिकवतां काय?" मीं म्हटलें, इंग्रजी. क्षणभर थांबून तो म्हणाला, "मीहि इंग्रजी घेऊनच बी. ए. केलं, सर." दिवसाला किती फोन करावयाचे, महिन्याला किती वसूल करावयाचे, हें ठरलेलें असतें आणि तें झालें नाहीं तर पगार कापला जातो, असें तो सांगूं लागला, जणूं आतां त्याचीच कैफियत मी ऐकत होतों. मीं विचारलें, "घरीं ठाऊक आहे का, तुम्ही काय काम करतां तें?" तो म्हणाला, "बँकेंत आहे असं सांगितलंय." त्याचा पुन्हा फोन आला नाहीं. परंतु तेव्हांपासून वसुलीवाल्यांवर सरसकट चिडणें मला जमत नाहीं. फोनच्या एका टोकाला बापापासून कर्ज लपविणारा एक पदवीधर होता, दुसऱ्या टोकाला बापापासून आपलें काम लपविणारा दुसरा पदवीधर. आणि अशांच मुलांना वर्षानुवर्षें शिकवीत आलेला मी मध्यें.

या मधल्या जागेविषयींच मला खरें म्हणजे सांगावयाचें आहे. कर्ज दोघांचें असतें; तगादा मात्र तिसऱ्याशिवाय होऊं शकत नाहीं. तो तिसरा माणूस म्हणजे आपण: काका, मामा, शेजारी, वरिष्ठ, मित्र, मास्तर. धनकोला ऋणकोवर पैशाचा हक्क आहे. त्याच्या अब्रूवर नाहीं. ती अब्रू त्याच्या हातीं सोपवितों आपणच, दारासमोर क्षणभर थांबून, किंवा फोन ठेवल्यावर चहाच्या वेळीं, "कळलं का, अमक्याचं..." असें म्हणून. आपल्या समाजांत आजवर ऋणको गप्प बसत आला आणि तिसरा माणूस बोलत आला. हें नेमकें उलट झालें पाहिजे. ज्याला कर्ज झालें त्यानें माजघरांतून उठून बैठकींत यावें आणि आपल्या माणसांना तें मोकळेपणानें सांगावें. आणि ज्याच्या कानांवर तें परक्याकडून पडलें त्यानें तें तेथेंच थांबवावें. मग वसुली उरेल, हिशेब उरेल, कोर्टहि उरेल. तगादा मात्र उरणार नाहीं, कारण त्याला उभें राहावयास रस्ताच राहणार नाहीं. ऋण फिटतें पण हीन फिटत नाहीं, असें आपल्या जुन्या माणसांनीं म्हणून ठेवलें आहे. ऋण फेडणें हें ज्याचें त्यानें करावयाचें. हीन लागूं न देणें हें पुष्कळदां इतरांच्या हातीं असतें.

त्या मुलाला दोन महिन्यांनीं काम मिळालें. संस्थेनें हप्ते लहान करून दिले आणि ते तो फेडीत आहे. वडिलांना त्यानें सांगितलें तें त्याच सुमारास. कसें सांगितलें हें मीं विचारलें नाहीं. दिवाळीला त्या गृहस्थांचा नेहमींप्रमाणें फोन आला. पाऊस लांबल्यामुळें शेंगा या खेपेस हलक्या भरल्या आहेत, असें ते म्हणाले. मीं त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. बोलणें संपल्यावर फोन ठेवण्यापूर्वीं ते थोडे थांबले, आणि मीहि थांबलों. मग त्यांनीं, पुण्यास आलों म्हणजे भेटतों, एवढेंच म्हटलें.